चेक डॅममधला ‘चेक’ नक्की काय चेक करतो?

या वेळी एक गंमतच झाली. गेल्या दोन महिन्यांत आलेली पत्रं आणि ईमेल बाजूला काढून वाचत बसले तर त्यातली सात एकाच शब्दाभोवती फिरणारी निघाली, आणि लिहिणाऱ्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, कुणी सिन्नरकडचे, कुणी इचलकरंजीचे, एक ताई तर थेट न्यू जर्सीहून. शब्द एकच, चेक. आपण दिवसातून पन्नास वेळा वापरतो, मेसेज चेक कर, गॅस बंद केलास का चेक कर, आणि कधी थांबून विचार करत नाही. म्हणून हा पूर्ण अंक त्यालाच दिलाय. नावं कुणाचीच छापत नाही, फक्त गावं ठेवलीत.

प्रश्न (सिन्नर तालुका): ताई, नमस्कार. आमच्या ओढ्यावर दोन चेक डॅम झाले, बोर्डही लागला. माझी नात सातवीत आहे, ती विचारते आजोबा यात काय चेक करतात? मी म्हणलं इंजिनियर येऊन पाण्याची लेव्हल चेक करत असतील. पण दोन पावसाळे झाले, चेक करायला कुणी आलेलं दिसलं नाही, आणि माझं उत्तर माझं मलाच पटेना. काय सांगू तिला?

उत्तर: काका, नातीला आधी शाबासकी द्या, कारण तिनं बरोबर दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंय. चेक डॅममध्ये कुणीच काही तपासत नाही. इथल्या चेकचा अर्थ तपासणं नाहीच आहे, इथं चेक म्हणजे अडवणं, वेगाला लगाम घालणं. ओढ्याचं पाणी उतारावरून पळत सुटतं आणि जाताना माती घेऊन जातं, त्याच्या आडवा छोटासा बांध घातला की ते थबकतं, गाळ खाली बसतो, पाणी हळूहळू जमिनीत मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरींना उन्हाळ्यात चार दिवस जास्त पाणी राहतं. आपली ती जुनी घोषणा आहे ना, पाणी अडवा पाणी जिरवा, त्यातलं ‘अडवा’ म्हणजे हा चेक. आपण बंधारा म्हणतो ते खरं तर त्याहून नेमकं आहे, कारण त्यात बांधणं आहे, आणि नातीला कोडंही पडत नाही.

आणि हा काही एकटादुकटा वापर नाहीये बरं का. तुमच्या विहिरीतल्या मोटारीच्या सक्शन पाइपला खाली फूट व्हॉल्व्ह असतो तो चेक व्हॉल्व्हचाच एक प्रकार, पाणी वर जाऊ देतो पण मोटार बंद झाली की परत खाली येणाऱ्याला अडवतो, तो पण काही तपासत नाही. क्रिकेटमध्ये बॅट्समननं ‘शॉट चेक केला’ म्हणतात तेव्हा त्यानं बॅट अर्ध्यात रोखलेली असते, आणि त्याच मॅचमध्ये थर्ड अंपायर ‘नो बॉल चेक करतोय’ म्हणतात तेव्हा तो तपासत असतो, म्हणजे एका ओव्हरमध्ये दोन्ही अर्थ ऐकायला मिळतात आणि आपल्याला काही अडत नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेबद्दल बोलताना ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ असं हमखास येतं, तिथंही संसद, राष्ट्राध्यक्ष आणि कोर्ट यांनी एकमेकांना रोखायचं असतं.

आता खरी गोष्ट. या दोन अर्थांत थोरला कोण? बहुतेकांना वाटतं तपासणं हा मूळ अर्थ आणि अडवणं नंतर कुठून तरी आलं. झालंय नेमकं उलटं. अडवणं आधीचं आहे, तपासणं त्यानंतर तीनेकशे वर्षांनी आलं. आणि अडवण्याच्याही आधी हा शब्द बुद्धिबळाच्या पटावर होता, इंग्रजीत तो साधारण १३०० च्या सुमाराला पहिल्यांदा सापडतो तो पटावरचाच. पटावर चेक म्हणजे काय, तर समोरच्याच्या राजावर हल्ला. राजा धोक्यात आला की त्याला बाकी सगळं सोडावं लागतं, कितीही सुंदर डाव रचलेला असो, आधी राजा वाचवायचा. म्हणजे हल्ला झाला की चाल खुंटली. त्यातूनच चेक म्हणजे अचानक खीळ बसणं, मग रोखणं, मग काबूत ठेवणं.

पण राजावरच्या हल्ल्याला चेक का म्हणायचं? इथं मला दर वेळी भरून येतं, हा शब्द मी पहिल्यांदा असा उलगडून बघितला तेव्हा रात्री झोप लागली नव्हती. इंग्रजीत तो जुन्या फ्रेंचमधून आला, तिथं तो ‘एस्चेक’, त्याच्या आधी युरोपातल्या लॅटिनमध्ये ‘स्काकस’, त्याच्या आधी अरबीत आणि त्याच्याही आधी फारसीत ‘शाह’. शाह म्हणजे राजा. खेळणारा राजावर चालून गेला की समोरच्याला सावध करायला ओरडायचा, ‘शाह!’ म्हणजे राजा सांभाळ. तोच शेवटचा ह युरोपियन लोकांच्या तोंडात क झाला, पुढचा श त्यांच्या परीनं बदलला, आणि शाहचा चेक झाला. चेस हा शब्दसुद्धा त्याच जुन्या फ्रेंच शब्दाचं अनेकवचन आहे, म्हणजे चेस म्हणजे अक्षरशः ‘राजे’.

आणि आपण मराठीत काय म्हणतो? शह. शह देणे, शह-काटशह. तोच फारसी शाह, फक्त आपल्याकडे तो मधले सगळे थांबे न घेता सरळ आला. लहानपणी मे महिन्यात गावी अंगणात पट मांडला की आजोबा खणखणीत आवाजात ‘शह!’ म्हणायचे आणि मुंबईहून आलेला माझा आतेभाऊ ‘चेक!’ म्हणायचा, आणि आजोबांना ते आवडायचं नाही, ते म्हणायचे इंग्रजी कशाला, आपला शब्द आहे की. दोघं एकच शब्द बोलत होते! एकच शब्द, एक इस्फहान-दिल्लीकडून आलेला आणि दुसरा बगदाद, पॅरिस, लंडन असा वळसा घालून त्याच अंगणात येऊन पोचलेला. आजोबा असते तर त्यांना हे सांगायला मला फार आवडलं असतं.

अजून एक पायरी मागे जाऊ, कारण तिथं आपली संस्कृत भेटते. इराणच्या बेहिस्तून इथं डोंगराच्या कड्यावर सम्राट दारियसचा इसवी सनापूर्वी ५२० च्या सुमाराचा मोठा शिलालेख आहे, त्यात तो स्वतःला ‘क्षायथिय’ म्हणवतो, म्हणजे राजा, आणि ‘राजांचा राजा’ असंही म्हणवतो, तेच पुढचं शहनशाह. हा क्षायथिय झिजत झिजत शाह झाला. आणि ज्या धातूपासून तो निघाला त्याच घराण्यातले संस्कृतचे शब्द म्हणजे क्षत्र, क्षत्रिय. नाशिकच्या पांडवलेण्यांत ज्या क्षत्रप नहपानाच्या घराण्याचे लेख आहेत ना, तो ‘क्षत्रप’ पण इराणीतूनच आलेला, अर्थ राज्य राखणारा. म्हणजे काका, तुमच्याच जिल्ह्यात दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरलेला क्षत्रप आणि तुमच्या ओढ्यावरच्या बोर्डावरचा चेक हे लांबचे भाऊबंद निघतात.

राहिलं तपासणं. रोखून धरायचं, काबूत ठेवायचं, तर दुसऱ्याच्या हिशोबाशी आपला हिशोब लावून बघायला लागतो, म्हणजे कुणी फसवू नये म्हणून एक दुसरी नोंद ठेवायची आणि ताडून बघायची. त्या ताडून बघण्यालाच पुढे चेक करणं म्हणायला लागले, सतराव्या शतकाच्या शेवटी शेवटी. हा सगळा प्रवास एका ठिकाणी बघायचा असेल तर मुलुंडचा चेकनाका आठवा. जकात होती तेव्हा ट्रक आधी अडवायचे आणि मग आतला माल कागदाशी ताडून बघायचे. मुंबईतली जकात २०१७ च्या १ जुलैला जीएसटी आला तेव्हा गेली, पण ठाण्या-मुलुंडचे लोक बसमध्ये अजून चेकनाकाच मागतात.

प्रश्न (नागपूर): माझा मुलगा आठ वर्षांचा. २०२५ मध्ये आमच्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं बुद्धिबळाचा महिलांचा वर्ल्ड कप जिंकला तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. त्याचे कोच म्हणाले चेकमेट म्हणजे ‘राजा मेला’. पण राजा पटावरून कधीच मारत नाहीत ना? मग मेला कसा?

उत्तर: मुलाची शंका असेल तर त्याला माझ्याकडून टाळी. ‘शाह मात’ मधल्या मातचा अर्थ अरबी ‘माता’ म्हणजे मेला असा लावतात आणि तोच सगळीकडे पसरलाय, कोचसरांचं काही चुकलं असं नाही, बऱ्याच पुस्तकांत तेच छापलेलं असतं. पण मला दुसरा अर्थ जास्त पटतो. फारसीत ‘मात’ म्हणजे हतबल, गोंधळून जागच्या जागी राहिलेला, काही सुचेनासा झालेला. खेळ अरबांकडे गेला तो फारसी लोकांकडून, त्यामुळे शब्द फारसीचा असणं साहजिक आहे, आणि पटावरची परिस्थिती बघा, तुमचा मुलगा म्हणतो तेच, राजाला कुणी मारत नाही, त्याला फक्त हलायला जागा उरत नाही. तो उभा असतो आणि खेळ संपतो.

मराठीत आपण मात करणे म्हणतो त्यात पण मारणं नाहीये बघा. आजारावर मात केली, परिस्थितीवर मात केली. समोरच्याला निरुत्तर, निष्प्रभ केलं. मूळ फारसी अर्थाच्या आपण इंग्रजीपेक्षा किती जवळ आहोत! रशियन लोक तर अख्ख्या खेळालाच ‘शाखमाती’ म्हणतात, म्हणजे शह आणि मात दोन्ही एकत्र. फ्रेंचमध्ये ‘एशेक’ हा शब्द अपयश या अर्थानं रोजच्या बोलण्यात आहे, नापास झाला, प्रयत्न फसला, काहीही असो, एशेक. तिथं पटावरचा हल्ला पुढे जाऊन हारच झाला.

आणि हो, मुलाला हेही सांगा की आताच्या फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेच्या, नियमांप्रमाणे ‘चेक’ असं मोठ्यानं म्हणायची सक्ती नाही, स्पर्धेत सहसा म्हणतही नाहीत. घरी खेळताना मात्र शह म्हणा. म्हणाच.

प्रश्न (इचलकरंजी): आमचे यंत्रमाग आहेत, चेक्सचं शर्टिंग काढतो. बँकेतून येणारा पण चेक आणि मागावरून निघणारा पण चेक. दोन्हीचा काही संबंध आहे का नुसता योगायोग? आणि बँकेच्या चेकचं स्पेलिंग इतकं वाकडं का?

उत्तर: संबंध आहे, आणि तो एका टेबलावर आहे. अक्षरशः टेबलावर.

बाराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये राजाच्या खजिन्याचा हिशोब व्हायचा. वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि सप्टेंबरअखेरच्या मायकलमसला, प्रत्येक परगण्याचा शेरीफ येऊन वसुलीचा हिशोब द्यायचा. हा शेरीफ म्हणजे तोच, ज्याच्या नावाचं मानाचं पद मुंबईत अगदी अलीकडपर्यंत ऐकलंय, नगरपाल. तर हिशोबाला जे टेबल होतं ते साधारण दहा फूट बाय पाच फूट, चारी बाजूंनी चार बोटं उंच काठ म्हणजे वरचं काही खाली पडू नये. त्यावर काळं कापड अंथरायचे आणि कापडावर पट्ट्या, दोन पट्ट्यांत एक फुटाचं नाहीतर वीतभर अंतर. पट्ट्यांच्या मधल्या रकान्यांत चकत्या मांडायच्या, एका रकान्यात पेन्स, पुढच्यात शिलिंग, मग पौंड, मग वीस-वीस पौंड, मग शंभर, मग हजार. बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगचा पौंड. ज्यांनी रुपये-आणे-पै मध्ये गणितं सोडवलीत, बारा पैचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया, त्यांना ही कटकट बरोबर कळेल. शिवाय त्यांचे आकडे रोमन, शून्य नाही, त्यामुळे कागदावर बेरीज-वजाबाकी करणं महाकठीण, म्हणून हा कापडावरचा उद्योग. शेरीफनं किती द्यायचे ते एका ओळीत, त्यानं किती भरले ते दुसऱ्या ओळीत, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वजाबाकी.

हे टेबल लांबून बुद्धिबळाच्या पटासारखं दिसायचं, आणि लॅटिनमध्ये बुद्धिबळाच्या पटाला म्हणायचे ‘स्काकारियम’, राजावरून पडलेलंच नाव. ते फ्रेंचमधून इंग्रजीत येताना ‘एक्सचेकर’ झालं. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही ‘चान्सलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणतात, म्हणजे पटाचा चान्सलर!

हे मी कुठल्या दंतकथेवरून सांगत नाहीये. राजा दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील यानं ११७० च्या दशकात या कचेरीवर एक लॅटिन ग्रंथ लिहिला, आणि तो लिहिलाय प्रश्नोत्तरांत. एक शिष्य विचारतो, गुरुजी उत्तर देतात. आणि शिष्याच्या अगदी पहिल्या काही प्रश्नांतला एक हाच आहे, की याला हे नाव का पडलं? गुरुजी म्हणतात मला तरी याहून खरं कारण सुचत नाही की हे बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं, आणि पुढे म्हणतात की पटावर जशी दोघांची लढाई तशी इथं खजिनदार आणि शेरीफची, बाकीचे बघत बसतात. तुम्ही इचलकरंजीहून जे विचारलंत ते साडेआठशे वर्षांपूर्वी कुणीतरी थेम्सकाठी विचारून ठेवलंय. हे सदर चालवताना मला याहून मोठा आधार नाही.

आता कापड. पटासारखी चौकटींची नक्षी म्हणून ‘चेकर्ड’, आणि त्याचंच लाडानं छोटं केलेलं रूप चेक, साधारण १४०० पासून. तुमच्या मागावर उभे-आडवे रंगीत धागे एकमेकांना छेदून जो चौकडा पडतो तो म्हणजे बुद्धिबळाचा पट. शर्टाच्या अंगावर राजाचं नाव आहे.

बँकेचा चेक मात्र दुसऱ्या वाटेनं आला. लंडनमध्ये निकोलस व्हॅनॅकर नावाच्या माणसानं १६५९ मध्ये ४०० पौंड देण्यासाठी सावकाराच्या पेढीला लिहिलेली चिठ्ठी अजून शिल्लक आहे, ती जगातल्या सगळ्यात जुन्या चेकांमध्ये धरतात, पण तेव्हा तिला चेक म्हणत नव्हते. चेक म्हणायचे ते काउंटरफॉइलला, म्हणजे स्थळप्रतीला! खोटी चिठ्ठी कुणी आणू नये म्हणून एक तुकडा पेढीकडे ठेवायचा आणि आलेला कागद त्याच्याशी जुळवायचा. फसवणूक रोखणारा, म्हणून चेक. पुढे नाव स्थळप्रतीवरून सरकून मूळ कागदावर गेलं आणि स्थळप्रत बिचारी बिननावाची राहिली.

आणि वाकडं स्पेलिंग एक्सचेकरच्या सावलीमुळं. पैशांचा कागद, खजिन्याची कचेरी, दोघांचं नातं जवळचं असणार असं वाटून इंग्रजांनी चेकचं स्पेलिंग एक्सचेकरसारखं केलं. अमेरिकन लोकांनी केलं नाही, ते बँकेचा, शर्टाचा आणि तपासण्याचा असे तिन्ही चेक एकाच स्पेलिंगनं लिहितात. आपल्याकडे कायदा इंग्रजांचा, १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, म्हणून स्पेलिंगही त्यांचंच. चेक बाउन्स झाला की व्यापारी ज्याला ‘एकशे अडतीसची केस’ म्हणतात ते कलम मूळ कायद्यात नव्हतं, ते १९८८ च्या दुरुस्तीनं आलं.

स्थळप्रतीवरून एक आठवलं ते सांगूनच टाकते, विषय थोडा बाजूला जाईल पण राहवत नाही. त्याच एक्सचेकरमध्ये पावती म्हणून लाकडाची कांडी वापरायचे. रकमेप्रमाणे खाचा पाडायच्या आणि कांडी उभी चिरायची, एक फाक पैसे भरणाऱ्याला, एक कचेरीत. पुढे वाद झाला तर दोन फाका जोडून बघायच्या, खाच खाचेला लागली पाहिजे आणि लाकडाचा पोतही जुळला पाहिजे, खोटेपणाला वावच नाही. एका फाकेला म्हणायचे स्टॉक आणि दुसरीला फॉइल, काउंटरफॉइलमधलं फॉइल. शेकडो वर्षं ही पद्धत चालली, आणि मग १८३४ च्या १६ ऑक्टोबरला साठलेल्या निकामी कांड्या पार्लमेंटच्या तळघरातल्या भट्टीत जाळायला घेतल्या, त्या इतक्या पेटल्या की दोन्ही सभागृहं त्यात जळून गेली. आज लंडनला जी दिमाखदार इमारत दिसते ती त्यानंतर बांधलेली.

प्रश्न (मडगाव): माझी आजी पोर्तुगीज शाळेत शिकलेली. चौकड्याच्या कापडाला ती ‘शाद्रेश’ म्हणायची. हा चेकचाच पोर्तुगीज अवतार का?

उत्तर: अवतार नाही, पण घरोबा आहेच, आणि मला तुमच्या आजीचा शब्द या सगळ्या पत्रांत सगळ्यात जास्त आवडला. शाद्रेश म्हणजे पोर्तुगीजमध्ये बुद्धिबळ, आणि त्यावरून चौकडीचं कापडही. पण हा शाहवरून आलेला नाही, हा सरळ आपल्या संस्कृत ‘चतुरंग’वरून आलाय. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी चार अंगांची सेना, म्हणून चतुरंग. खेळ इराणात गेला तेव्हा त्याचं ‘चत्रंग’ झालं, अरबांच्या भाषेत च नाही म्हणून त्याचा श झाला आणि शब्द झाला ‘शतरंज’. अरब स्पेन-पोर्तुगालमध्ये कित्येक शतकं होते, त्यामुळं तिथल्या लोकांनी शब्द अरबांच्या तोंडून उचलला, स्पॅनिशमध्ये त्याचं ‘आखेद्रेथ’ झालं आणि पोर्तुगीजमध्ये शाद्रेश. बाकी युरोपनं खेळाला राजाचं नाव दिलं, या दोघांनी सेनेचं नाव ठेवलं.

आणि मग तोच शब्द पोर्तुगीज घेऊन गोव्यात आले. चतुरंग इथून निघाला, इराण, अरबस्तान, लिस्बन करत हजार वर्षांनी गोव्याच्या किनाऱ्यावर उतरला, आणि तुमच्या आजीनं त्याला कुणबी साडीच्या लाल चौकड्याकडे बोट दाखवून हाक मारली! पोर्तुगीजमध्ये शाद्रेशचा आणखी एक बोलीतला अर्थ आहे तुरुंग, गजांच्या चौकटीवरून. आजी तसं म्हणायची का ते आठवून कळवा.

प्रश्न (राहुरी): ताई मी कृषीचा विद्यार्थी. आमच्या ट्रायलमध्ये नवीन वाणांच्या शेजारी एक प्लॉट जुन्या, माहितीतल्या वाणाचा लावतात त्याला चेक म्हणतात. मराठी रिपोर्टमध्ये ‘तुल्य वाण’ लिहितात. इथं तर अडवणं पण नाही आणि तपासणं पण नाही?

उत्तर: आहे की, ताडून बघणं आहे. मघाशी स्थळप्रतीचं सांगितलं तेच इथं शेतात आलंय. नवीन वाणानं एकरी किती दिलं हे नुसतं सांगून उपयोग नाही, त्या वर्षी पाऊस कसा होता, जमीन कशी होती, कुणास ठाऊक. शेजारच्या ओळखीच्या वाणाशी लावून बघितलं की मग खरं-खोटं कळतं. चेकचा प्लॉट म्हणजे नव्या वाणाची स्थळप्रत. तुल्य वाण हा शब्द ज्यांनी केला त्यांना मनापासून नमस्कार, तुलनेसाठीचा वाण, इंग्रजीपेक्षा स्वच्छ. तो वापरत राहा, प्रेझेंटेशनमध्येसुद्धा.

तुमच्याकडे चेकला दुसरा शब्द कंट्रोल पण वापरतात ना? त्याचा प्रवास चेकच्या बरोबर उलटा आहे. कंट्रोल मुळात ‘काउंटर-रोल’, म्हणजे दुसरी वही, मूळ वहीशी ताडून बघायला ठेवलेली नक्कल. तिथून अर्थ सरकत सरकत ताबा, लगाम इथवर आला. म्हणजे चेक रोखण्यापासून निघाला आणि ताडून बघण्यावर पोचला, कंट्रोल ताडून बघण्यापासून निघाला आणि रोखण्यावर पोचला, आणि दोघं तुमच्या ट्रायल प्लॉटवर एकमेकांना भेटले.

प्रश्न (न्यू जर्सी): पहिल्यांदा इथं आले तेव्हा हॉटेलात शेजारच्या टेबलावरचा माणूस ‘चेक प्लीज’ म्हणाला, मला वाटलं हा चेकनं पैसे देणार. बिलाला चेक का म्हणतात? आणि आमची शेजारीण बोलावलं की ‘रेन चेक’ म्हणते ते काय?

उत्तर: अमेरिकेत चेक म्हणजे ताडून बघायची चिठ्ठी किंवा बिल्ला हा अर्थ एकोणिसाव्या शतकात फार फोफावला. कोट ठेवायला दिला की बिल्ला मिळतो तो चेक, सामान दिलं की चेक, जेवणात काय काय घेतलं त्याची चिठ्ठी तोही चेक. रेन चेक बेसबॉलच्या मैदानावरून आला, पावसानं खेळ रद्द झाला तर तिकिटाचा अर्धा तुकडा दाखवून नंतरच्या खेळाला फुकट यायचं, १८८० च्या दशकातली पद्धत. शेजारीण म्हणतेय की आज जमत नाही पण आमंत्रण जिवंत ठेव. तिला परत बोलवा.

प्रश्न (सातारा): चेक नावाचा देश पण आहे ना? तो यातलाच का?

उत्तर: नाही, त्याचा काही संबंध नाही. ते त्या लोकांचं स्वतःचं नाव आहे, त्यांच्या दंतकथेतला मूळपुरुष त्याच नावाचा. स्पेलिंग इंग्रजीत पोलिश पद्धतीनं गेलं म्हणून तसं विचित्र दिसतं, आणि मराठीत आपण झेक लिहितो त्यामुळं घोटाळा होत नाही. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, झेक माणूस बुद्धिबळाला ‘शाखी’ म्हणतो, आणि समोरच्याच्या राजावर चालून गेला की चेक म्हणत नाही, म्हणतो ‘शाख!’